चेनसॉ चालवणाऱ्याची बोटे बधिर होतात; रोज किती वेळ यंत्र हाती द्यावे?

प्रश्न (मुकादम, ठाणे)
पावसाळ्यापूर्वीच्या वृक्षछाटणीत घोडबंदर रस्त्यालगत आमचा एकच कसलेला कारागीर जवळजवळ दिवसभर चेनसॉ चालवतो. महिनाभरापासून रात्री त्याच्या बोटांना मुंग्या येतात आणि सकाळी सदऱ्याची बटणे लावणेही त्याला जड जाते. जाड हातमोजे दिले, तरी फरक पडलेला नाही. रोज किती तास काम द्यावे?

उत्तर (सुरक्षा अधिकारी, महापे)
आधी यंत्राच्या माहितीपुस्तिकेतील कंपनाचा आकडा पाहावा. पुढच्या व मागच्या मुठीच्या आकड्यांपैकी मोठा धरावा. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या हिशेबाने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग ओलांडताच उपाय योजावे लागतात आणि 5 ही कमाल मर्यादा आहे. हिशेब कंपनाच्या आकड्याच्या वर्गाचा असल्याने (आकडा दुप्पट, तर वेळ चौथाई), मुठीचा आकडा 5 असल्यास पहिली पातळी दोन तासांत गाठली जाते, 7 असल्यास जेमतेम एका तासात. दोर बांधण्याचा वेळ यात धरू नये. हातमोजे हात कोरडे व उबदार ठेवतात, पण चेनसॉचे कंपन फारसे अडवत नाहीत.

उत्तर (यंत्रदुरुस्ती, कळवा)
पुस्तिकेतला आकडा नव्या यंत्राचा असतो, हे विसरू नये. मुठीजवळचे रबर किंवा स्प्रिंग झिजले, अथवा साखळीची धार गेली, की कंपन वाढते. शिवाय बोथट साखळीवर माणूस जोर देतो आणि मूठ घट्ट आवळतो, त्यामुळे ते हातात अधिक उतरते. कापताना चिपाऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, तर तिथेच थांबून कानस मारावी.

उत्तर (डॉक्टर, ठाणे)
हा आजार ‘पांढरी बोटे’ म्हणून ओळखला जातो. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये अमेरिकेतील इंडियानाच्या दगडफोड्यांमध्ये तो तपासला, तेव्हा थंडीत बोटे पांढरी पडत असल्याचे दिसले. आपल्या उकाड्यात हे लक्षण सहसा दिसत नाही, म्हणून हात ठीक आहेत असे मानणे चुकीचे ठरेल. बधिरपणा नसांच्या इजेचा असू शकतो आणि उशीर झाल्यास तो पूर्ण भरून येईलच असे नाही. मनगटात नस दबण्याचा आजारही अशीच लक्षणे देतो; तेव्हा तपासणी करून घ्यावी आणि तोवर यंत्र हाती देऊ नये. धूम्रपानाने त्रास वाढतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुस्तिकेत आकडा 7 निघाला आणि काल घड्याळ लावून मोजल्यावर यंत्र पावणेतीन तास चालल्याचे दिसले. उद्यापासून त्याला खाली दोरावर ठेवतो, मात्र हजेरी चेनसॉचीच लावणार आहे. ती कापली तर पुढचा कारागीर मुंग्या येत असल्याचे सांगणारच नाही.