मदत हवी आहे : विद्यार्थी नाट्यमंडळाची वर्षातील तीन नाटके आणि न जुळणारे वेळापत्रक

रंगसचिव

नमस्कार. आमच्या विद्यापीठातील नाट्यमंडळ पूर्णपणे विद्यार्थीच चालवतात आणि यंदा सचिवपद माझ्याकडे आले आहे. वर्षाचा आराखडा सोमवारपर्यंत द्यायचा असल्यामुळे मला नेमके आणि लवकर उत्तर हवे आहे. तीन नाटके ठरली आहेत. पहिल्या सत्रात नव्या विद्यार्थ्यांना सामावून घेणारी एक विनोदी एकांकिका, दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला रशियन नाटककार चेखवचे एक चार अंकी नाटक, आणि सत्र संपताना आमच्याच एका विद्यार्थिनीने लिहिलेले नवे दोन अंकी नाटक. चेखव आणि नवे नाटक यांच्या प्रयोगांत पाच आठवड्यांचे अंतर उरते. दोन्ही दिग्दर्शकांच्या मते ते पुरेसे नाही आणि दोघेही आपापल्या तारखेवरून हटायला तयार नाहीत. तेव्हा कोणते नाटक हलवावे, एवढेच सांगावे. 'सर्वांनी एकत्र बसून ठरवा' हा सल्ला कृपया देऊ नये. बसणे पुष्कळ झाले आहे.

विंगेतून

कोणते नाटक हलवावे हे सांगण्यासाठी ज्या गोष्टी कळायला हव्यात त्या आपण लिहिलेल्याच नाहीत. सभागृह मंडळाचे आहे की संपूर्ण विद्यापीठाचे? प्रयोगाच्या किती आधी ते ताब्यात मिळते? प्रकाश, ध्वनी आणि रंगमंच व्यवस्था ही कामे तिन्ही नाटकांना वेगवेगळी माणसे करणार आहेत की तीच? परीक्षा केव्हा आहेत? दोन प्रयोगांमधले अंतर दिग्दर्शकाच्या बाजूने मोजले तर एक उत्तर येते आणि पडद्यामागच्या माणसांच्या बाजूने मोजले तर वेगळेच येते, म्हणून विचारतो आहे.

रिकामा_मंच

माझे मत स्पष्ट आहे : चेखव वगळा. विद्यार्थी मंडळांना भरगच्च नेपथ्याचा आणि मोठ्या नावांचा फार सोस असतो. आम्ही विद्यार्थी असताना संहितेशिवाय, तालमीतल्या उत्स्फूर्त प्रसंगांतून नाटक उभे करत असू. चार खुर्च्या, एकसारखा पांढरा प्रकाश आणि पाच नट एवढ्यावर ते कुठल्याही वर्गखोलीत होत असे, त्यामुळे सभागृहाची तारीख हा विषयच उद्भवत नसे. आपणही तसे केल्यास वर्षात तीन काय, सहा नाटके होतील.

रंगसचिव

सहा नाटके करण्याचा आमचा विचार नाही. चेखव सर्वसाधारण सभेत मतदानाने ठरला आहे, तो वगळता येणार नाही. विंगेतून, सभागृह मिळते, त्याची अडचण नाही. परीक्षा सगळ्यांनाच असतात. नटांची तर मुळीच वाण नाही, निवडचाचणीला इतकी गर्दी झाली की अनेकांना परत पाठवावे लागले. प्रश्न फक्त पाच आठवड्यांचा आहे.

प्रकाशदूत

आपण प्रकाशव्यवस्थेचा उल्लेख केलेला नाही, पण वर्षाचा आराखडा करतच आहात तर जुने दिवे बदलून एलईडी दिवे घेण्याचा प्रस्ताव त्यातच घालावा. रंगीत जिलेटिनचे कागद बदलत शिडीवर चढण्याचा त्रास संपतो आणि एका दिव्यातून हवा तो रंग मिळतो. डीएमएक्स नियंत्रणात, म्हणजे दिव्यांना संकेत पाठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, एका जोडणीवर ५१२ चॅनेल असतात आणि रंग मिसळणारा एक दिवा त्यातले अनेक चॅनेल घेतो, त्यामुळे कोणत्या दिव्याला कोणते चॅनेल, ते पत्ते आधी नीट मांडून ठेवावेत. आणखी एक गोष्ट म्हणजे एलईडी दिवे जुन्या डिमरच्या (प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) जोडणीवर कधीही लावू नयेत, त्यांना थेट अखंड वीजपुरवठाच लागतो. हे न कळल्यामुळे दिवे जळाल्याचे मी पाहिले आहे.

विंगेतून

प्रकाशदूत, माहिती योग्य आहे, पण दिवे लावणार कोण हेच अजून कळलेले नाही. रंगसचिव, 'सभागृह मिळते' म्हणजे नक्की काय? प्रयोगाच्या दिवशी सकाळी किल्ली मिळणे यालाही मिळणेच म्हणतात आणि चार दिवस आधी मिळणे यालाही. चेखवच्या चार अंकी नाटकात एक अंक दिवाणखान्यात तर दुसरा उघड्यावर असू शकतो. एका दिवसात सेट लावणे, दिवे टांगून त्यांचे रोख ठरवणे, प्रकाश आणि ध्वनीचे सगळे संकेत एकेक करून तपासणे आणि वर रंगीत तालीम घेणे हे कसलेल्या चमूलाही जड जाते. आणि ही कामे करणारी माणसे कोण, याचे उत्तर अजून आलेले नाही.

संहितावाचक

मला वेगळीच शंका आहे. चेखवची मराठी संहिता कोणती घेतली आहे आणि तिची परवानगी मिळाली आहे का?

तालीममास्तर

चेखव १९०४ मध्ये वारला. त्याच्या नाटकांना आता कोणाचीही परवानगी लागत नाही. उगाच त्यांना घाबरवू नका.

संहितावाचक

मूळ रशियन नाटकांना लागत नाही, हे खरे आहे. अनुवाद मात्र स्वतंत्र कृती मानला जातो आणि त्याच्या स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) मुदत अनुवादकाच्या हयातीवरून मोजतात. स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे मृत्यूनंतरची किमान मुदत ५० वर्षे आहे, भारतात ती ६० वर्षे आहे आणि अनेक देशांत ७० वर्षे. शिक्षणसंस्थांना असलेली सूटही समजून घ्यावी. भारताच्या १९५७च्या कायद्यात संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढ्यांपुरताच प्रेक्षकवर्ग असेल, तर संस्थेच्या उपक्रमातील प्रयोगाला सूट मिळते. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात मात्र केवळ पालक असणे पुरेसे ठरत नाही. प्रवेश सर्वांना खुला ठेवून तिकीट विकले की ही सूट विसरावी. शिवाय संहितेत काटछाट करायची असेल तर पत्रात तसे स्पष्ट लिहून विचारावे. प्रयोगाची परवानगी म्हणजे अंक गाळण्याची परवानगी नव्हे.

रिकामा_मंच

म्हणूनच म्हटले, स्वतःचे नाटक करा. नाहीतर जर्मन नाटककार ब्रेख्त घ्या, त्याला नेपथ्यही कमी लागते.

संहितावाचक

ब्रेख्तचे निधन १९५६ मध्ये झाले. जिथे मुदत ७० वर्षांची आहे तिथे ती २०२६च्या अखेरीपर्यंत चालते, आणि अनुवादाचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. साधेपणासाठी ब्रेख्तकडे जाणे हा मला तरी मोठाच विनोद वाटतो.

रंगसचिव

कृपया ब्रेख्त नको. अनुवाद ग्रंथालयातील छापील पुस्तकाचा आहे. प्रकाशकाला आजच पत्र पाठवतो, पण उत्तराची वाट पाहत आराखडा थांबवता येणार नाही. सभागृह संपूर्ण विद्यापीठाचे आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर ते आमच्या ताब्यात येते, आणि प्रयोग सलग दोन संध्याकाळी असतात. प्रकाशयोजना तिन्ही नाटकांना आमचे दोघे जण करतात, कारण ते काम दुसऱ्या कोणाला येत नाही. रंगमंच व्यवस्था पाहणारी मुलगी चेखव आणि नवे नाटक अशा दोन्हींसाठी आहे. प्रकाशयोजना करणाऱ्या दोघांपैकी एकाला दुसऱ्या सत्राच्या मध्यावर प्रबंध सादर करायचा आहे. पण हे सगळे दरवर्षी असेच असते आणि दरवर्षी नाटके होतात.

विंगेतून

आता चित्र कळले. नाटके होतात हे मान्य आहे, परंतु ती कोणाच्या जिवावर होतात हेही आपण आताच लिहिले आहे. पाच आठवडे नटांना कमी पडणार नाहीत, कारण दोन्ही नाटकांचे नट वेगळे असू शकतात आणि नव्या नाटकाची बैठी वाचने चेखवच्या तालमींबरोबर चालू शकतात. रंगमंच व्यवस्थापक मात्र एकच आहे. तिला चेखवच्या शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी तिथे थांबावे लागेल, आणि नेमक्या त्याच सुमारास नव्या नाटकाच्या उभ्या तालमी सुरू होतील, जिथे हालचालींची नोंद पहिल्या दिवसापासून संहितेत करावी लागते. जी प्रत हातात धरून ती पुढे विंगेतून प्रकाश-ध्वनीच्या संकेतांसाठी 'स्टँडबाय' (तयार राहा) आणि 'गो' (आता करा) म्हणणार, ती प्रत तालमीतच तयार होते. ती दुसऱ्याने करून हिच्या हाती शेवटच्या दिवशी दिली तर पहिल्या प्रयोगाला संकेत चुकणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून माझे उत्तर असे की दोन्हींपैकी कोणतेही नाटक हलवू नये. नव्या नाटकासाठी दुसरी रंगमंच व्यवस्थापक आत्ताच नेमावी आणि तिला पहिल्या सत्रातील एकांकिकेवर शिकू द्यावे. प्रबंधवाल्या मुलाच्या जागीही एकांकिकेपासूनच कोणीतरी प्रकाशनियंत्रणावर बसवावे. निवडचाचणीतून ज्यांना परत पाठवले, त्यांच्यापैकी किती जणांना पडद्यामागचे काम विचारले होते?

तालीममास्तर

हे सगळे ऐकायला ठीक आहे, पण ज्याला नट व्हायचे आहे त्याला शिडी धरायला सांगितले की तो दुसऱ्या आठवड्यात नाहीसा होतो. माझ्या मते नवे नाटकच मागे घ्यावे. विद्यार्थ्याने लिहिलेले नाटक पहिल्या खर्ड्यावर उभे करणे हा लेखिकेवरच अन्याय आहे. पहिल्या सत्राच्या शेवटी त्याचे अभिवाचन करावे, संहिता हातात घेऊन, प्रेक्षकांसमोर. कुठे कंटाळा येतो ते लेखिकेला स्वतःच्या कानांनी ऐकू येईल, ती पुन्हा लिहील, आणि पूर्ण प्रयोग पुढच्या वर्षी होईल.

नवी_लेखिका_जुनी_सवय

पुढच्या वर्षी लेखिका विद्यापीठात असेल का, हे कोणी विचारले आहे? विद्यार्थी नाट्यमंडळात 'पुढच्या वर्षी' याचा अर्थ बहुधा 'कधीच नाही' असा होतो. अभिवाचन जरूर करावे, त्याला दिवे लागत नाहीत आणि सभागृहही लागत नाही, परंतु ते प्रयोगाच्या बदल्यात नव्हे तर प्रयोगाच्या आधी व्हावे. जगात नसलेल्या लेखकाच्या नाटकाला तारीख पक्की आणि तालमीत येऊन बसणाऱ्या लेखिकेला प्रतीक्षायादी, हा न्याय मला समजत नाही.

तालीममास्तर

मी प्रतीक्षायादी म्हटलेले नाही. कच्चे नाटक घाईने करू नये, एवढेच म्हटले आहे.

जुना_पासधारक

केंब्रिजच्या एडीसी नाट्यगृहाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथला विद्यार्थी नाट्यसंघ १८५५चा आहे. नाटके विद्यार्थी करतात, पण नाट्यगृह विद्यापीठ चालवते आणि तिथे पगारी कर्मचारी असतात. त्यामुळे मुले दरवर्षी बदलली तरी दिवे कुठे आहेत हे माहीत असणारे कोणीतरी इमारतीत राहते. तिथे एकाच आठवड्यात संध्याकाळचे मुख्य नाटक आणि त्यानंतर रात्रीचे छोटे नाटक, असे दोन्ही होतात. रात्रीचे नाटक त्याच मंचावर उभे राहत असल्यामुळे त्याला आपला पसारा आटोपशीर ठेवावाच लागतो.

रंगसचिव

आमच्याकडे पगारी कर्मचारी नाहीत, आणि एका रात्री दोन नाटके आम्हाला करायची नाहीत.

जुना_पासधारक

रात्र तीच असावी असे माझे म्हणणे नाही. दोन्ही नाटकांच्या प्रकाशयोजनेचा सांगाडा एकच ठेवला, म्हणजे दिवे कुठे टांगायचे याचा एकच आराखडा केला आणि नाटकागणिक फक्त काही खास दिवे व रंग बदलले, तर प्रकाशयोजना करणाऱ्या दोघांचे दुसऱ्या खेपेचे काम पुष्कळ हलके होते. दोन्ही दिग्दर्शकांना हे सुरुवातीलाच सांगावे लागेल, कारण तालीम रंगात आली की प्रत्येकाला खिडकीतून येणारा चंद्रप्रकाश हवाच असतो.

प्रकाशदूत

चंद्रप्रकाशासाठी एलईडीच उत्तम.

रंगसचिव

असे लिहितो आहे : अभिवाचन पहिल्या सत्रात, चेखव आणि नवे नाटक आपापल्या तारखांना, प्रकाशाचा सांगाडा समान, आणि एकांकिकेवर दुसरी रंगमंच व्यवस्थापक व प्रकाशासाठी तिसरा माणूस शिकाऊ म्हणून. अनुवादाची परवानगी एकांकिकेच्या प्रयोगापर्यंत आली नाही तर चेखवच्या जागी काय, तो रकाना अजून रिकामा आहे. चेखवच्या दिग्दर्शकाला हे सांगणे बाकी आहे. सभागृहाच्या अर्जात प्रयोगाच्या दोन तारखा लिहिल्या आहेत, तेवढे पुरे ना?

विंगेतून

पुरे नाही. सभागृह सांभाळणारा माणूस अर्जावर जे वाचतो त्याप्रमाणेच कुलूप उघडतो. प्रयोगाच्या तारखांबरोबर सामान आत आणण्याची पहिली वेळ आणि दुसऱ्या प्रयोगानंतर सेट उतरवून सभागृह रिकामे करण्याची वेळ, अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. चेखवसाठी आदल्या दिवशीच्या दुपारऐवजी आणखी एक पूर्ण दिवस मागावा, आणि कारण म्हणून 'तालीम' न लिहिता 'दिवे टांगणे व विजेच्या जोडण्या' असे लिहावे, कारण तालीम कुठल्याही खोलीत होते असे त्यांना वाटते. रिकाम्या रकान्यात तूर्त एकांकिकांचा महोत्सव लिहावा, त्याला एकच सेट पुरतो. आणि प्रबंध कोणत्या आठवड्यात आहे ते त्या मुलाला आजच विचारावे, कारण 'सत्राच्या मध्यावर' म्हणजे चेखवच्या आधी की नंतर, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.