हिरवा रंग दगडाचा नव्हे

पर्यटकांसाठी उघडलेल्या चुनखडीच्या गुहांची रंगीत दिव्यांनी पार जत्रा करून टाकलीय, अशी तक्रार काहीजण करतात, ती शंभर टक्के पटते. पण 'पांढरे दिवे लावले की झालं' हा त्यांचा उपाय काही पटत नाही. पुढच्या वेळी दिव्याच्या अगदी लगतचा दगड बघा. तिथे हिरवट, ओलसर थर दिसेल. ते शेवाळ असतं. मिट्ट काळोखात ते वाढूच शकत नाही. त्याचे बीजाणू पाण्यातून, हवेतून, आपल्या बुटांना चिकटून आत येतात आणि दिव्याच्या उजेडात बस्तान बसवतात. मग दिवा पांढरा असो की गुलाबी. हा थर चुनखडी हळूहळू पोखरतो आणि औषध मारून धुवावं तर गुहेतले इवलेसे जीवही मरतात. फ्रान्समधली लास्को चित्रगुहा १९६३ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाली, त्यात लोकांच्या श्वासाइतकाच या हिरव्या थराचाही हात होता. म्हणून काही गुहांमध्ये गट पुढे सरकला की मागचे दिवे घालवतात. आमच्या गटात त्यावरून कुरकुर झालीच, फोटो राहिले म्हणून!

आणि 'एक बोट लावलं तर काय बिघडतं' म्हणणाऱ्यांसाठी: गुहेत ठिबकत्या पाण्यातला चुना साचून बनलेले वाटेलगतचे खांब हात पोचेल तिथपर्यंत काळे, तुकतुकीत असतात, त्याच्या वर दुधासारखे पांढरे. हाताचं तेल लागलं की पाणी तिथे नीट पसरत नाही, खांबाची वाढ अडते. शंभर वर्षांत जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारी वस्तू आहे ती.