ॲट्रियममध्ये ११ मीटरचं टांगतं शिल्प करायचंय, पितळाला हो म्हणू का?

मातीकाम
नमस्कार मंडळी, आजवर माती, फायबर आणि थोडंफार वेल्डिंगचं काम केलंय पण सगळं जमिनीवर उभं राहणारं. आता पहिल्यांदाच एका कंपनीच्या ऑफिससाठी टांगायचं काम आलंय. तीन मजली उंच ॲट्रियम, म्हणजे बिल्डिंगच्या मधला उघडा चौक, त्यात ११ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद लाट, ४२० पाती, एकेक पातं ६०० बाय २५० मिमी, ३ मिमी जाड. छोटं मॉडेल त्यांना फार आवडलं आणि आता म्हणतात खरं पितळच हवं. आर्किटेक्ट म्हणतात स्लॅबला हुक मारून टाका. मुदत १० आठवडे. खाली दिवसभर माणसं बसणार आहेत या विचाराने मला झोप लागत नाहीये. सुरुवात कुठून करू?

पत्रेवाला
आधी वजन काढ भावा. तुझं एक पातं ॲल्युमिनियममध्ये साधारण १.२ किलो भरतं आणि पितळात ३.८, म्हणजे सगळी मिळून ५१० किलो विरुद्ध १.६ टन, आणि यात वरचा सांगाडा, वायर, क्लॅम्प काहीच धरलेलं नाही. हा आकडा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनियरकडे जा, तोंडी होकार नको, सहीचं ड्रॉइंग हवं. स्लॅब पोस्ट टेन्शन्ड असेल तर स्कॅन केल्याशिवाय एकही भोक पाडू देऊ नकोस, आत ताणलेल्या केबल असतात, ड्रिल लागून एखादी तुटली तर ते बिल्डिंगचं नुकसान आहे. बीमला अँकर, म्हणजे काँक्रीटमध्ये बसवायचा बोल्ट, मिळाला तर उत्तम, आणि लावल्यावर ओढून टेस्ट करायचाच. वायर टांगायच्या वजनाच्या निदान ५ पट ताकदीची घे, डोक्यावर टांगायचं असेल तर इंजिनियर १० पटसुद्धा मागतात. शिवाय सांगाड्याला वेगळ्या पॉइंटवरून सेफ्टी वायर, म्हणजे एक अँकर सुटला तरी खाली काही येणार नाही.

पितळाचं म्हणशील तर ते काळवंडतं, लॅकर मारलं तरी काही वर्षांनी ठिकठिकाणी डाग दिसायला लागतात आणि तेवढ्या उंचीवर कोण चढून पुसणार. सोनेरी ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर पक्का रंगीत थर आणलेलं, ॲल्युमिनियम दाखव त्यांना. फक्त सगळा पत्रा एकाच ग्रेडचा घे आणि शेडची हलकी-गडद हद्द आधी ठरवून घे, नाहीतर दोन बॅचमधला फरक लाटेवर पट्ट्यासारखा दिसतो.

धातूवेडी
एक गोष्ट कुणीच सांगत नाही ती सांगते. पातं एका वायरवर टांगलंस तर ते फिरणार. आमच्या एका कामात मॉडेल अगदी सुंदर दिसत होतं, साइटवर एसी चालू झाला आणि अर्ध्या तासात एकेक पातं आपापल्या दिशेला वळलं, पक्ष्यांचा थवा करायचा होता आणि समोर नुसता पत्र्याचा विस्कटलेला ढीग. सगळी उतरवून दुसरं भोक पाडावं लागलं, रंग लावून झाल्यावर, त्यामुळे कडा पुन्हा टचअप. तेव्हा दोन वायर, आणि एसीचे जाळीचे झोत कुठे आहेत ते ड्रॉइंगवर मागून घे. स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टरच्या जागाही आत्ताच बघ, लाट त्यांच्या आड आली तर फायरवाले शेवटच्या आठवड्यात काम थांबवतील.

मातीकाम
दोन वायरचं डोक्यातच नव्हतं, मनापासून आभार. १० आठवड्यांत होईल का हे?

सांगाडा
ड्रॉइंग मंजूर झाल्यापासून मोजलेस तर जेमतेम होईल, आजपासून मोजलेस तर नाही. फिनिशिंगला आणि जुळणीला किती वेळ जातो ते क्लायंटला पटत नाही. अनिश कपूर यांचं शिकागोमधलं क्लाउड गेट बघ, १६८ स्टेनलेस प्लेट, २००४ मध्ये लोकांसमोर आलं तेव्हा जोड दिसत होते, ते घासून पॉलिश व्हायला २००५ उजाडलं आणि अधिकृत लोकार्पण २००६ मध्ये झालं.

वर्कशॉपमध्ये सगळी लाट एकदा टांगून बघ, निदान अर्धी तरी. सांगाडा वजनाने मध्ये थोडा वाकतो आणि मग कॉम्प्युटरवरच्या वायरच्या लांब्या जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक वायरला वर ॲडजस्टर ठेव. सांगाडा तुकड्यांत कर, लिफ्ट आणि सर्व्हिस दरवाजाचं माप स्वतः जाऊन घे. आणि नंबर टेपवर लिहू नकोस. आम्ही लिहिले होते, ॲनोडाइझिंगच्या आधी धुताना सगळे गेले, मग तीन दिवस जमिनीवर पाती मांडून कुठलं कुठे ते शोधत बसलो. वरच्या कडेला, जिथे क्लॅम्प झाकतो तिथे, पंचने ठोकायचे.

पत्रेवाला
अजून एक राहिलं. चढवायला सिझर लिफ्ट, म्हणजे कैचीसारखी उघडून वर जाणारी चाकांची फळी, आणशील, ती लहान असली तरी बहुधा टनाच्या वर भरते. खाली बेसमेंट असेल तर तिच्या चाकांचं वजन फ्लोअरला झेपतं का तेही त्याच इंजिनियरला विचार.

मातीकाम
बेसमेंट पार्किंग आहे खाली. दोन्ही प्रश्न आत्ताच मेल करतो, आणि उद्या ॲल्युमिनियमची दहा पाती दोन वायरवर त्यांच्याच एसीखाली टांगून दाखवतो, पितळाचा विषय तिथेच उभ्या उभ्या काढतो.