मदत हवी आहे: इंग्रजीत परिच्छेद बांधायला कसं शिकायचं?

नमस्कार. मी लातूरची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी पहिलीपासून होतं, पण निबंध म्हणजे गाईडमधले दहा-बारा पाठ करायचे, त्यातला एखादा पेपरात यायचाच. आता सक्तीच्या इंग्रजीच्या मॅडम वर्गातच विषय देतात आणि तासाभरात लिहायला लावतात. तिथं माझी गाडी अडते.

व्याकरणाच्या चुका होतात, पण त्या दाखवल्या की कळतात. मॅडमनी वहीत लाल पेनानं लिहिलंय ते मात्र कळत नाही: ‘सगळं एकाच परिच्छेदात का? तुला नेमकं काय सांगायचंय?’

विषय होता ‘माझ्या शहरातलं पाणी’. मी लिहिलेलं मराठीत सांगते. सुरुवात ‘पाणी म्हणजे जीवन’. मग पृथ्वीवर पाणी भरपूर पण पिण्याजोगं थोडं, मग मराठवाड्यातला कमी पाऊस. पुढं २०१६ चा दुष्काळ, मांजरा धरण कोरडं पडलं ते, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली ते, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते. मध्येच माझी आजी रात्री घागरींच्या रांगेत बसायची ते. मग उसाला लागणारं पाणी, सरकारनं काय करावं, आणि शेवटी ‘पाणी वाचवा’. सतरा वाक्यं, एकच परिच्छेद.

यातलं काहीच पाठ केलेलं नव्हतं. तेव्हा मी तिसरीत होते, रेल्वे आली त्या दिवशीची गडबड मला आठवते. पहिल्यांदाच मनातलं लिहिलं आणि त्यालाच सगळ्यात कमी मार्क पडले, म्हणून जास्त लागलं.

नवा परिच्छेद कुठं सुरू करायचा हे तुम्ही कसं ठरवता? आणि पहिलं वाक्य कसं सुचतं? दिवाळीनंतर अंतर्गत परीक्षा आहे. क्लास लावणं सध्या जमणार नाही.

प्रतिसाद १
रोज इंग्रजी पेपरातला अग्रलेख वाचत जा. सहा महिन्यांत फरक पडतो.

धागाकर्ती
धन्यवाद दादा. वाचते मी, अर्थही बराचसा लागतो. पण वाचलेलं समजतं म्हणून लिहिताना घडी बसतेच असं होत नाही.

प्रतिसाद २
ताई, मी अंबाजोगाईचा. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमची अडचण माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची असायची, आणि ती इंग्रजी कच्चं असल्यामुळं येत नाही.

आपल्याकडं पाहुणा आला की आधी पाणी, मग पाऊसपाणी, घरची खुशाली, आणि चहा झाल्यावर कामाचं बोलणं. आपले निबंधही तसेच आत शिरतात. कॉलेजातल्या इंग्रजी परिच्छेदाला काम आधी सांगावं लागतं. पहिल्याच वाक्यात मुद्दा, आणि पुढची सगळी वाक्यं त्या मुद्द्याच्या चाकरीला.

ते पहिलं वाक्य असं हवं की वाचणाऱ्यानं लगेच ‘ते कसं?’ विचारावं. ‘पाणी म्हणजे जीवन’ यावर कुणी काही विचारत नाही, मान हलवून पुढं जातो. ‘२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या घरातला दिवस पाण्याच्या वेळेवर चालायचा’ असं लिहा बरं. आता ‘कसा?’ हा प्रश्न आलाच, आणि पुढची पाच-सहा वाक्यं म्हणजे त्याचं उत्तर. जे वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, ते कितीही खरं असलं तरी त्या परिच्छेदातून बाहेर.

आता वही घ्या. प्रत्येक वाक्यासमोर समासात ते कशाबद्दल आहे ते दोन शब्दांत लिहा, मराठीतच लिहा. जगाचं पाणी, दुष्काळ, रेल्वे, आजी, ऊस, असं. शब्द बदलला की तिथं नवा परिच्छेद, नाहीतर ते वाक्य चुकीच्या जागी पडलंय. तुमच्या सतरा वाक्यांत मला निदान चार परिच्छेद दिसतात. तासाभरात चारही होणार नाहीत. दोन निवडा आणि मन भरून लिहा.

वाक्य वाक्याला जोडायला दरवेळी जोडशब्द शोधू नका. मागच्या वाक्यात जे शेवटी आलं, ते पुढच्याच्या सुरुवातीला घ्या. ‘मिरजेहून रेल्वे आली. त्या रेल्वेला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर.’ धागा आपोआप राहतो. आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण इंग्रजीतही कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये फार भरतो. कर्ता लिहिला की क्रियापद लवकर येऊ द्या.

पूर्ण निबंध झाला की फक्त परिच्छेदांची पहिली वाक्यं सलग वाचा. तेवढ्यावरून गोष्ट कळली तर बांधणी बरोबर आहे.

धागाकर्ती
सर, खूप आभार. काल रात्री समासात लिहून बघितलं. आजीची तीन वाक्यं तीन ठिकाणी होती! ती एकत्र आणली. मग लिहिताना असं आठवलं जे आधी सुचलंच नव्हतं: तांदूळ धुतलेलं पाणी आजी एका पातेल्यात धरायची, त्यात भांडी विसळायची, आणि तेच मग संडासात टाकायचं. त्या पातेल्याला हात लावला म्हणून मला एकदा धपाटा बसला होता. हे इंग्रजीत मांडताना शब्द सोपेच लागले. पहिलं वाक्य तुमचंच ठेवलं होतं, मग बदलून ‘त्या उन्हाळ्यात माझी आजी एकच पाणी तीनदा वापरायची’ असं केलं.

रेल्वेचा परिच्छेद वेगळा काढलाय, पण त्याचं पहिलं वाक्य जमेना. ‘पाच लाख लिटर पाणी साडेतीनशे किलोमीटरवरून आलं’ इथपर्यंत आलेय. यावर ‘ते कसं?’ विचारलं तर उत्तर दहा वाघिणींत संपतं. मला सांगायचंय ते वेगळं आहे: रेल्वे आली तरी आमच्या गल्लीतली रांग तशीच राहिली. हेच वाक्य पहिलं घेऊ का?

प्रतिसाद २
हेच घ्या. आणि लिहून झालं की दोन्ही परिच्छेद इथं टाका, मी वाचतो.