गोथाच्या सात वाटण्या: बापानं उभं केलं, मुलांनी मोडलं?

वंशवृक्ष
जर्मनीत थुरिंगियातल्या गोथाचा ड्यूक एर्न्स्ट पहिला (१६०१–१६७५) मला त्या शतकातला सर्वांत कर्तबगार छोटा राजा वाटतो. १६४० साली भावांशी वाटणी होऊन राज्य हाती आलं तेव्हा तीस वर्षांचं युद्ध चालूच होतं. तरी १६४२ला त्याने शाळांची नियमावली काढली: मुलगा असो वा मुलगी, पाचव्या वर्षी शाळेत गेलंच पाहिजे, न पाठवणाऱ्या आईबापांना दंड. १६४३ला फ्रीडेनश्टाइन राजवाड्याचं बांधकाम सुरू केलं. १६७२ला घराण्याची आल्टेनबुर्गची पाती (शाखा) खुंटली आणि तिचा मोठा भाग त्याच्याकडे आला. मग २४ फेब्रुवारी १६८०ला त्याच्या सात मुलांनी या राज्याचे सात तुकडे केले: गोथा, कोबुर्ग, मायनिंगन, र्‍योमहिल्ड, आयझेनबर्ग, हिल्डबुर्गहाउझेन, झालफेल्ड. माझ्या मते ही शुद्ध नासाडी होती.

नकाशावाचक
मुलांना दोष देणं सोपं आहे, पण बापाने थोरल्यालाच सगळं मिळावं असा नियम घालून दिला नव्हता. सगळ्यांनी मिळून राज्य करावं, थोरल्या फ्रीडरिखने कारभार पाहावा, अशी त्याची इच्छा होती. भाऊ फ्रीडेनश्टाइनमध्ये एका छपराखाली राहूनही पाहिले, जमलं नाही. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे हक्क प्रत्येकाचा होता, त्यामुळे वाटणी नाहीतर भांडण, एवढेच दोन मार्ग उरले. शिवाय छोट्या दरबारांनी काय दिलं तेही पाहा. वायमारला आना आमालियाने १७५९ ते १७७५ राज्य सांभाळलं, मुलगा कार्ल आउगुस्टने १७७५ला कवी ग्योथेला बोलावून घेतलं. एवढ्याशा गावात हे घडलं.

वंशवृक्ष
वायमार या वाटणीतलं नाहीच. ती एर्न्स्टच्या थोरल्या भावाची, विल्हेल्मची पाती. तिथे १७२४ला थोरल्याच्या वारशाचा नियम झाला, आणि १७४१ला आयझेनाखची पाती खुंटल्यावर तो मुलूख अखंड वायमारला मिळाला. ग्योथे आला तो जोडलेल्या राज्यात. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

दप्तरदार
दोघेही सात वाटण्या सारख्या होत्या असं धरून बोलताय. तशा त्या नव्हत्या, आणि बिघडलं ते तिथेच. र्‍योमहिल्डचा हाइनरिख, आयझेनबर्गचा क्रिस्टियान आणि झालफेल्डचा योहान एर्न्स्ट यांना पूर्ण सार्वभौमत्व मिळालंच नाही. वरचे अधिकार गोथाने स्वतःकडे ठेवले. क्रिस्टियानकडे काय होतं? आयझेनबर्ग, रोनेबुर्ग, रोडा, काम्बुर्ग. आपल्या तालुक्यांसारखी चार ठाणी. तेवढ्या वसुलीत राजवाडा, चॅपल, मुदपाकखाना, तबेला, पहारा, सगळं बसवायचं. मुलूख सातव्या हिश्शावर आला म्हणून दरबाराचा खर्च सातव्या हिश्शावर येत नाही. त्यात क्रिस्टियानने किमयेच्या नादाने पैसा घालवला.

पुढे कोबुर्गचा आल्ब्रेख्ट १६९९ला, क्रिस्टियान १७०७ला, हाइनरिख १७१०ला गेला. मुलगा एकालाही नव्हता. उरलेले भाऊ आणि पुतणे या तीन वारशांवर १७३५पर्यंत भांडत राहिले. निकाल असा लागला की र्‍योमहिल्डचे दोन तृतीयांश मायनिंगनला आणि एक तृतीयांश झालफेल्डला. म्हणजे एवढ्याशा गावाला धनी दोन!

१७६९ला हिल्डबुर्गहाउझेनवर आणि १७७३ला एकत्र आलेल्या कोबुर्ग-झालफेल्डवर पवित्र रोमन सम्राटाला कर्जनिवारण आयोग नेमावा लागला. ड्यूक गादीवर, पण तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे.

वंशवृक्ष
मायनिंगनचा आंटोन उलरिखही यात घ्या. त्याने राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून त्या मुलांचा वारसा नाकारला गेला. गोथाचे भाऊबंद राज्य आपल्याकडे येईल म्हणून टपून होते. तर या माणसाने साठी उलटल्यावर, १७५०ला, राजघराण्यात दुसरं लग्न केलं आणि आठ मुलं झाली. मायनिंगनची पाती त्यामुळे टिकली. मधे १७४७–४८ला वासुंगेन या गावावरून गोथा आणि मायनिंगन यांच्यात सैन्यं उतरली होती. सख्ख्या भावांचे वंशज!

नकाशावाचक
मायनिंगनचं नाव काढलंत ते बरं झालं. ड्यूक गेओर्ग दुसरा याची नाटक मंडळी १८७४पासून युरोपभर फिरली. संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली ती २५ ऑक्टोबर १८८५ला, मायनिंगनमध्येच. सातांतला हा तुकडा वाया गेला म्हणाल?

वंशवृक्ष
१८२५ला गोथाची पाती खुंटली, आणि १८२६च्या फेरवाटपात हिल्डबुर्गहाउझेन आणि झालफेल्ड मायनिंगनला जोडले गेले. गेओर्गच्या हाती आलं ते हे वाढलेलं राज्य.

नकाशावाचक
पण ती सिंफनी वाजवणारा वाद्यवृंद? तो १६९०चा. स्थापला तो बर्नहार्डने, याच सात भावांतल्या तिसऱ्याने, वाटणीनंतर दहा वर्षांनी. वाटणी नसती तर तिथे ना दरबार असता, ना वाद्यवृंद.

वंशवृक्ष
वाद्यवृंदाचं श्रेय वाटणीला, मान्य. बाकी नाही.

दप्तरदार
एक राहिलं. १८२६पासून कोबुर्ग आणि गोथा यांचा ड्यूक एकच होता. व्हिक्टोरिया राणीचा नवरा आल्बर्ट याच घरचा. तरी ही दोन राज्यं कधी पुरती एकजीव झाली नाहीत. राजेशाही गेल्यावर ३० नोव्हेंबर १९१९ला कोबुर्गच्या लोकांनी थुरिंगियात जायला मोठ्या बहुमताने नकार दिला, आणि १ जुलै १९२०ला कोबुर्ग बव्हेरियात गेलं. गोथा थुरिंगियात राहिलं. आजचा नकाशा उघडा, ती सीमा तिथे आहे.