सायन्स फेअरसाठी परीक्षक हवेत

प्रेषक: शिक्षण उपक्रम समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या सांता क्लारा काउंटीचं सायन्स फेअर आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. आपल्या मंडळातली बरीच मुलं दरवर्षी प्रोजेक्ट घेऊन उतरतात, पण परीक्षकांत आपली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात. आपल्या मुलांचे प्रोजेक्ट कोणीतरी वेळ काढून तपासतं, तसा इतरांच्या मुलांसाठी आपणही एक दिवस द्यावा, अशी समितीची कळकळीची विनंती आहे. नोंदणी ऑनलाइन आहे. ज्यांना जमेल त्यांनी इथे कळवावं, म्हणजे जायची सोय एकत्र करता येईल.

---

प्रेषक: एक सभासद, सनीवेल

नमस्कार,

यायची मनापासून इच्छा आहे, पण दोन शंका आहेत. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पीएचडी नाही. हल्लीची मुलं जीन एडिटिंगवर आणि न्यूरल नेटवर्कवर प्रोजेक्ट करतात, त्यांना मी काय विचारणार? दुसरं म्हणजे माझा भाचा आठवीत आहे आणि तोही भाग घेतोय. मग मी चालेन का?

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मिलपिटास

नमस्कार,

भाच्याचं आधी सांगतो. नोंदणी करतानाच तसं कळवा. नात्यातल्या किंवा आपण मार्गदर्शन केलेल्या मुलाचा प्रोजेक्ट आपण तपासायचा नसतो. नजरचुकीने यादीत आलाच, तर तिथल्या तिथे सांगून बदलून घ्यायचा. बाकीचे प्रोजेक्ट तपासायला काहीच आडकाठी नाही.

आता पीएचडी. काउंटीच्या फेअरमधून निवडलेली हायस्कूलची मुलं पुढे आयसेफ या आंतरराष्ट्रीय सायन्स फेअरला जातात. 1950 साली फिलाडेल्फियात सुरू झालेलं हे फेअर आता जगभरातल्या दीड हजारांहून अधिक मुलांचं झालंय. तिथल्या मुख्य पारितोषिकांचे परीक्षक व्हायलासुद्धा पीएचडी, एमडी किंवा मग त्या क्षेत्रातला किमान सहा वर्षांचा अनुभव चालतो. म्हणजे इतक्या वरच्या पातळीवरही डिग्रीवाचून अडत नाही.

आणि टेस्टिंगमधला माणूस तर हवाच. "हे चुकीचं असतं तर तुला कसं कळलं असतं?" हा प्रश्न तुम्ही ऑफिसात रोज विचारत असाल. तोच मुलांना विचारा. विषय जीन एडिटिंगचा असो की मेथीच्या बियांचा, या एका प्रश्नावर मुलाने किती विचार केलाय ते लगेच दिसतं. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काहीही न बदललेला नमुना, होता का, प्रयोग किती वेळा केला, एकदाच आलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढलाय का, हे समजायला त्या विषयातला तज्ज्ञ असावं लागत नाही. न समजलेलं सरळ "मला समजावून सांग" म्हणून विचारावं. मुलांना ते फार आवडतं.

आयसेफची गुणांची विभागणी पाहा: प्रश्नाला 10, आखणीला 15, प्रयोग आणि विश्लेषणाला 20, कल्पकतेला 20, पोस्टरला 10 आणि मुलाखतीला 25. पोस्टरच्या अडीचपट गुण मुलाशी झालेल्या बोलण्याला आहेत. चकचकीत बोर्ड कोणीही करून देऊ शकतं आणि आता लिखाणही एआयकडून करून घेता येतं. समोरासमोर दहा मिनिटं बोलणं मात्र कोणाकडून करून घेता येत नाही. म्हणून मला परीक्षकाचं काम महत्त्वाचं वाटतं.

एक उदाहरण देतो. सातवीतल्या एका मुलीने मातीचे दोन सारखे माठ घेतले होते. एकाला बाहेरून ऑइल पेंट लावलेला, दुसरा तसाच. दोन्हींत पाणी भरून ती रोज दुपारी तापमान घ्यायची. रंग न लावलेल्या माठातलं पाणी रोज जास्त गार, फक्त दोन दिवस फरक जवळजवळ नाहीसा झालेला. ते आकडे तिने लाल पेनाने गोल करून 'चुका' या मथळ्याखाली टाकले होते. मी वही मागितली. त्या तारखांच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पाऊस' लिहिलेलं होतं. मी तिथे बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी हवा कशी होती?" ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "हवेतच पाणी जास्त होतं, म्हणून माठातलं उडालं नाही! चुकलं नव्हतंच ते!" तिच्या अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात मोलाचा पुरावा तिने चूक म्हणून बाजूला टाकला होता. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मी सांगून टाकलं असतं तर तिला काय मिळालं असतं?

म्हणून वही मागाच. खाडाखोड आणि मधल्या रिकाम्या जागा बघा. आणखी एक, खास आपल्या लोकांसाठी: आडनाव ओळखीचं वाटलं तरी त्या वेळी मुलाशी मराठीत बोलू नका. शेजारच्या बोर्डपाशी उभं असलेलं मूल ते ऐकत असतं.

---

प्रेषक: एक आई, क्यूपर्टिनो

काका,

तुमचं वाचून बरं वाटलं, पण आमचा अनुभव वेगळा आहे. मागे एका फेअरला माझा मुलगा सकाळपासून बोर्डापाशी उभा होता. परीक्षक आले, बोर्डावर नजर फिरवली, दोन प्रश्न विचारले, तेही फोन बघत बघत, आणि गेले. ब्रेडवरच्या बुरशीसाठी त्याने महिनाभर रोज फोटो काढले होते. ते कोणी उघडूनही पाहिले नाहीत. बक्षीस मिळालं ते विद्यापीठाच्या लॅबमध्ये केलेल्या प्रोजेक्टला. आमच्या ओळखीचा कोणी प्रोफेसर नाही. घरच्या ओट्यावर केलेल्या प्रयोगाला किंमतच नसेल, तर मुलाने पुन्हा का उभं राहायचं? यंदा तो नाही म्हणतोय.

---

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, मिलपिटास

ताई,

फोन बघत मुलाखत घेणाऱ्याचं समर्थन होऊच शकत नाही. मुलाने महिना घातलेला असतो, आपण दहा मिनिटं तरी पूर्ण द्यायला हवीत. मोजक्याच परीक्षकांवर सगळा भार पडला की असं होतं, आणि याला उपाय एकच, परीक्षक वाढणं.

लॅबचं म्हणाल, तर लॅबमध्ये काम करणं हा काही गुन्हा नाही. कुठल्याही संशोधन संस्थेत काम केलं असेल तर 1सी नावाचा फॉर्म लागतो. तो तिथल्या शास्त्रज्ञाने भरायचा असतो. मुलाने स्वतः काय केलं आणि कितपत स्वतंत्रपणे केलं, हे त्यात लिहावं लागतं. प्रोजेक्ट मागच्या वर्षीचाच पुढे नेला असेल तर फॉर्म 7 असतो, आणि गुण फक्त यंदाच्या कामाला द्यायचे असतात. परीक्षकाने हे कागद वाचले आणि "ही कल्पना कोणाची? हे यंत्र तू स्वतः चालवलंस का? कुठे अडलास?" एवढं विचारलं, तरी खूप उलगडा होतो. ज्याने स्वतः केलंय, तो अडलेल्या जागांबद्दलच भरभरून बोलतो. ज्याच्या हातात सगळं तयार आलंय, तो पाठ केलेल्या वाक्यांकडे परत परत वळतो.

मुलाला माझा निरोप सांगा, महिनाभराचे रोजचे फोटो हा उत्तम डेटा आहे. यंदा उतरणार असेल तर फक्त एक सांभाळा: बुरशी घरी वाढवायचे नियम कडक आहेत. बुरशी दिसताक्षणी प्रयोग थांबवून ती टाकून द्यावी लागते, नाहीतर कामाला योग्य लॅब लागते. शिक्षकांना आधी विचारून घ्या. लोकांना प्रश्न विचारून केलेल्या सर्व्हेचंही तसंच. परवानगी आधी लागते, नंतर घेतलेली चालत नाही. गुणी मुलं नेमकी इथेच बाद होतात.

---

प्रेषक: एक सभासद, सांता क्लारा

नमस्कार,

माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. सातारा जिल्ह्यात त्यांनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं. ही सगळी चर्चा मी त्यांना वाचून दाखवली. त्या सांगतील तसं लिहितेय:

"आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीच जास्त असायच्या. ज्वालामुखी, पवनचक्की, जलविद्युत केंद्र. दिसायला देखण्या, पण पुष्कळदा वडिलांनी नाहीतर सुताराने केलेल्या. मी परीक्षक असले की मुलाला म्हणायचे, यातला एक भाग काढून ठेव आणि आता काय होईल ते सांग. ज्याला समजलेलं असे तो बेधडक काढायचा. दुसरं म्हणजे, ज्याला नंबर मिळणार नाही हे आपल्याला पहिल्या मिनिटातच कळतं, त्या मुलाशी मी जास्त वेळ बोलायचे. ज्यांना नंबर मिळतो त्यांच्याशी नंतर सगळेच बोलतात."

त्यांना फेअर बघायची फार इच्छा आहे. प्रेक्षकांना आत सोडतात का?

---

प्रेषक: शिक्षण उपक्रम समिती

जजिंग चालू असताना प्रेक्षकांना आत सोडत नाहीत. मुलांचे बोर्ड सगळ्यांसाठी खुले असतील ती वेळ आयोजकांना विचारून कळवतो. काकूंना जरूर आणा. आपल्या नव्या परीक्षकांशी त्या आधी तासभर बोलल्या तर फार उपयोग होईल. मंडळाच्या मराठी शाळेचा वर्ग त्यासाठी मोकळा ठेवू.

---

प्रेषक: एक सभासद, सनीवेल

नोंदणी केली. भाच्याचं नाव फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय. काकूंच्या तासाला मी नक्की येतो. फेअरच्या दिवशी सकाळी माझ्या गाडीत तीन जागा आहेत, मिलपिटासच्या काकांना घेऊन पुढे जाईन. क्यूपर्टिनोच्या ताई, तुम्हीही परीक्षक म्हणून याल का? मुलाच्या वर्गवारीत नको, पण दुसऱ्या वर्गवारीत चालेल असं आयोजकांना आधीच कळवता येईल.