सुटी घेतात, मग शब्बाथ ‘पाळतात’ का?

मूळ प्रश्न

औंध रोडला राहायला आल्यापासून शेजारच्या काकूंच्या तोंडून ‘शब्बाथ’ हा शब्द ऐकते आहे. शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे नुसती लगबग असते. शनिवारचं वरण, भाजी शिजवून झाकलेलं, मुलांचे इस्त्रीचे कपडे खुर्चीच्या पाठीवर, पॉलिश केलेले बूट दाराशी. दिवस मावळला की टीव्ही बंद आणि घरातले सगळे गाणी म्हणायला बसतात. परवा सहज म्हणाले, “काकू, उद्या सुटी ना?” त्या म्हणाल्या, “सुटी नाही गं. सुटी घेतात, शब्बाथ पाळतात.” तेव्हापासून डोक्यात घोळतंय. शब्बाथ म्हणजे शनिवार का? आणि क्रियापद ‘पाळणे’च का?

प्रतिसाद

ताई, मी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट घरातलाच, म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. शब्बाथ म्हणजे शनिवार नव्हे. मूळ हिब्रू धातूचा अर्थ थांबणे, हातातलं काम खाली ठेवणे. हिब्रूत सातला ‘शेवा’ म्हणतात, तो शब्द निराळा. दोन्हींची गल्लत बरेच जण करतात. आमचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ‘संध्याकाळ झाली व सकाळ झाली’ असाच क्रम आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून आपल्याकडे हे चटकन गळी उतरत नाही. पुण्यात डिसेंबरात सहाच्या आसपास शब्बाथ लागतो, जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. शुक्रवारला बायबलमध्ये ‘तयारीचा दिवस’ म्हटलंय, काकूंची लगबग त्यातलीच.

आता ‘पाळणे’. पथ्य पाळतात, सुतक पाळतात, दिलेला शब्द पाळतात. तिथे काही टाळायचं असतं किंवा मोडू द्यायचं नसतं. पण गायही पाळतात, आणि तिथे टाळण्याचा प्रश्नच नाही, तिला रोज चारापाणी करायचं असतं. शब्बाथ मला या दुसऱ्या अर्थाने जास्त कळतो. नुसतं काम बंद ठेवलं म्हणजे तो पाळला असं होत नाही. शब्बाथ शाळेत बायबलचा धडा, मग उपासना, दुपारी कुणा आजाऱ्याकडे जाणं, हे सगळं त्यात येतं. ‘पाळक’ हा शब्दही याच धातूचा. कळप राखणारा तो पाळक, म्हणून घरी आलेल्या पास्टरांना आजी ‘पाळकसाहेब’च म्हणायची.

प्रतिसाद

कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणजे ही चाल मराठी मुलखाला ॲडव्हेंटिस्टांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. कॅम्पातल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, तिथेही दिवस तोच.

प्रतिसाद

शनिवार तेलींचं खरं आहे, पण ‘सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट’ या नावात ‘सातवा दिवस’ हा अर्धाच भाग आहे. ‘ॲडव्हेंट’ म्हणजे आगमन, ख्रिस्ताचं पुन्हा येणं. २२ ऑक्टोबर १८४४ ला तो येणार म्हणून अमेरिकेत हजारो लोक वाट बघत बसले होते. तो दिवस तसाच गेला. त्या निराशेतून सावरलेल्या काहींनी पुढे १८६३ मध्ये ही मंडळी रीतसर उभी केली, आणि पुन्हा तारीख ठरवायची नाही हे कायमचं मनाशी बांधलं. तुमच्या औंध रोडवरची स्पायसर ही शिक्षणसंस्था १९४२ मध्ये पुण्यात आली, ती याच मंडळीची. आणि ‘मंडळी’ म्हणजे इथे माणसं, इमारत नव्हे. इमारतीला आम्ही चर्चच म्हणतो.

मूळ प्रश्नकर्ती

गाईचं उदाहरण फार आवडलं. काल काकूंना वाचून दाखवलं. त्यांची सून परिचारिका आहे, तिला शनिवारीही ड्यूटी लागते. मी विचारलं, मग तिचा शब्बाथ मोडतो का? काकूंनी लूकचं शुभवर्तमान उघडून चौदावा अध्याय पुढे केला. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला लगेच वर काढणार नाही, असं येशू तिथे विचारतो. मग म्हणाल्या, “ती पेशंट बघते ना, तिचा मोडत नाही. मी त्या दिवशी कपाट आवरायला बसले तर माझा मोडतो.”